बालसैनिकांचे पुनर्वसन छावणीत नव्हे, गावात ठरते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी १२ फेब्रुवारीला बालसैनिकांच्या वापराविरुद्धचा आंतरराष्ट्रीय दिवस पाळला जातो. २००२ साली याच तारखेला बालहक्क करारनाम्याचा सशस्त्र संघर्षाविषयीचा जोडकरार अमलात आला. त्या सुमारास वृत्तपत्रांत एखादी बातमी आणि एखादे छायाचित्र येते. छायाचित्राची धाटणी ठरलेली असते : खांद्यावर एके-४७ लटकवलेला दहा-बारा वर्षांचा मुलगा. बातमीचा शेवटही ठरलेला असतो : अमुक इतक्या मुलांनी शस्त्रे खाली ठेवली. खरे काम तिथून पुढे सुरू होते, आणि फसते तेही तिथूनच पुढे. सिएरा लिओन, लायबेरिया, युगांडा, मोझांबिक, नेपाळ या देशांत गेल्या तीन-चार दशकांत या कामाचा भरपूर अनुभव जमा झाला आहे. मराठीत तो फारसा आलेला नाही, म्हणून हे पत्र लांबले तरी छापावे, ही विनंती.

त्या छायाचित्रातच पहिली चूक दडलेली आहे. २००७ साली पॅरिसमध्ये मान्य झालेल्या तत्त्वांनुसार अठरा वर्षांखालच्या ज्या मुलाला सैन्याने किंवा सशस्त्र गटाने कोणत्याही कामाला जुंपले, ते या व्याख्येत बसते. मग ते काम स्वयंपाकाचे असो, ओझी वाहण्याचे, निरोप पोचवण्याचे, हेरगिरीचे असो, किंवा त्याचा लैंगिक वापर झालेला असो. हातात बंदूक असण्याची अटच नाही. प्रत्यक्षात मात्र ती अट वर्षानुवर्षे लावली गेली. सिएरा लिओनमध्ये १९९१ ते २००२ अशी अकरा वर्षे यादवी चालली. तिथल्या नि:शस्त्रीकरणात सुरुवातीच्या टप्प्यांत बंदूक जमा करावी लागे, शिवाय ती उघडून पुन्हा जोडून दाखवावी लागे. मुलांना ही अट लागू नाही असे कागदावर होते. नोंदणीच्या टेबलापर्यंत ते अनेकदा पोचलेच नाही. एकूण ६,८४५ मुलांची रीतसर मुक्तता झाली, त्यात मुली जेमतेम पाचशे, म्हणजे शंभरात सात-आठ. जंगलात मुली याहून पुष्कळ जास्त होत्या. उरलेल्या मुली एक तर कमांडरच्या ‘बायको’ म्हणून त्याच्यामागे गेल्या, किंवा कोणाला काही न सांगता गावाकडे वा शहरातल्या वस्त्यांत मिसळून गेल्या. त्यांना ना उपचार मिळाले, ना शाळा, ना मुक्ततेचा कागद.

मूल सैनिक कसे बनवले जाते हे नीट समजून घेतल्याशिवाय त्याला परत कसे आणायचे हे कळत नाही. सिएरा लिओनमधल्या रिव्होल्युशनरी युनायटेड फ्रंट (आर.यू.एफ.) या बंडखोर गटाची पद्धत जवळपास ठरलेली होती. गावावर हल्ला करायचा, लुटीचे धान्य आणि दारूगोळा मुलांच्या डोक्यावर देऊन त्यांना जंगलात चालवत न्यायचे, आणि जो थकून बसेल त्याला बाकीच्यांसमोर मारायचे. पुढची पायरी सर्वांत हिशेबी असे. मुलाला त्याच्याच गावातल्या, कधी घरातल्या माणसावर हात उचलायला लावायचे, कधी त्याचा जीव घ्यायला लावायचे, आणि तेही चारचौघांदेखत. यामागे निव्वळ क्रौर्य नव्हते, परतीची वाट तोडायची होती. पळून जायचे तर कुठे, हा प्रश्न एकदा मुलाच्या मनात बसला की पहारा ठेवावा लागत नाही. काहींच्या छातीवर किंवा कपाळावर गटाची आद्याक्षरे पात्याने कोरली गेली; पुढे डॉक्टरांना शस्त्रक्रिया करून त्या खुणा पुसाव्या लागल्या, कारण तेवढ्या खुणेवरून रस्त्यात मारहाण होण्याचा धोका होता. मग गांजा, गोळ्या, ‘ब्राउन ब्राउन’ नावाची नशेची पूड. नवे नाव. ‘स्मॉल बॉइज युनिट’मध्ये भरती. आणि पोर धीट निघाले तर त्याच्या हाताखाली आणखी चार पोरे.

या शेवटच्या दोन-तीन गोष्टींकडे पुनर्वसन करणाऱ्यांचेही दुर्लक्ष होते. पहिले काही आठवडे मूल भीतीपोटी थांबते. पुढे ते मानापोटी आणि सवयीने थांबते. ज्याने पळवून आणले तोच जेवू घालतो, शाबासकी देतो, ताप आला तर औषध आणतो. सुटका झालेले मूल त्याच कमांडरच्या आठवणीने रडू लागले की केंद्रातले कर्मचारी चक्रावतात, आणि मुलाला कृतघ्न किंवा बिघडलेले ठरवून मोकळे होतात. मोझांबिकमध्ये रेनामो या बंडखोर गटाच्या तावडीतून सुटलेल्या ३९ मुलांना १९८८ साली मापुतोच्या ल्हांगेने केंद्रात ठेवले होते, आणि पुढे सोळा वर्षे त्यांचा मागोवा घेतला गेला. सहा महिन्यांच्या आत सुटलेली मुले स्वतःला अत्याचाराचे बळी मानत होती. वर्षभर किंवा जास्त राहिलेली स्वतःला रेनामोचेच समजत होती. म्हणून केंद्रात आलेल्या मुलाला ‘तुझ्यावर काय काय अत्याचार झाले’ असे पहिल्याच दिवशी विचारू नये. किती महिने होतास, कोणाबरोबर होतास, तुझ्याकडे काय काम होते, एवढे कळले तरी पुढची दिशा ठरते.

सगळीच मुले पळवलेली नसतात. सिएरा लिओनमध्येच आर.यू.एफ.विरुद्ध लढणाऱ्या कामाजोर या गावरक्षक दलांतही मुले होती, आणि ती बहुधा घरच्यांच्या संमतीने, दीक्षाविधी होऊन दाखल झालेली होती. गावाच्या लेखी ती राखणदार होती, त्यामुळे त्यांना कोणी हाकलले नाही. त्यांची अडचण निराळी : दल गावातच असल्याने ते सुटतच नव्हते. आर.यू.एफ.मधून आलेल्या मुलासाठी आखलेला कार्यक्रम या मुलांना जसाच्या तसा लावणे निरुपयोगी ठरते.

मुक्ततेचे पहिले दोन दिवस फार नाजूक असतात. आता सर्वमान्य झालेला नियम असा की मुलांना प्रौढ सैनिकांच्या छावणीत अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त ठेवू नये. तेवढ्या वेळात नोंद, जुजबी वैद्यकीय तपासणी आणि बालसंरक्षण संस्थेकडे हस्तांतर झाले पाहिजे. वेळ लांबला की कमांडर पुन्हा ताबा घेतो. वय ठरवणेही सोपे नसते. जन्मदाखला नसतो, उपासमारीने वाढ खुंटलेली असते, आणि मूल आपले वय परिस्थिती पाहून सांगते. प्रौढांना रोख रक्कम मिळते आणि मुलांना नाही, हे कळले की सोळा-सतरा वर्षांची मुले आपण अठरा पूर्ण केल्याचे ठासून सांगतात आणि प्रौढांच्या रांगेत उभी राहतात. पुढे त्यांना शाळा नाही, घरच्यांचा शोध नाही. हातात थोडे पैसे, तेही लगेच संपणारे.

मग मुलांनाही रोख द्यावी का? लायबेरियाने ते करून पाहिले. तिथे डिसेंबर २००३ मध्ये नि:शस्त्रीकरण सुरू झाले. माणशी ३०० डॉलर दोन हप्त्यांत द्यायचे ठरले होते. पहिल्याच छावणीत तयारी अपुरी पडली, पैशांवरून दंगल झाली, काम थांबवावे लागले आणि ते पुन्हा एप्रिल २००४ मध्ये सुरू झाले. लढवय्ये साधारण ३८ हजार असतील असा अंदाज होता. नोंद झाली १ लाख ३ हजारांहून अधिक लोकांची, आणि जमा झालेल्या बंदुका सुमारे २८ हजार. या नोंदीत सुमारे ११ हजार मुले होती आणि त्यांनाही ही रक्कम लागू होती. कमांडरांनी आपल्या यादीत कोणाला घ्यायचे हे पैशावर ठरवले, मुलांना मिळालेल्या रकमेतून वाटा काढला, आणि युद्धात कधी नसलेली मुलेही रांगेत उभी केली. ज्या माणसापासून मुलाला तोडायचे, त्याच्याच हाती मुलाची किल्ली दिली गेली. मुलाच्या हाती रोख न देता तोच खर्च शाळा, अवजारे आणि कुटुंबाला हातभार या रूपाने करावा, हा आजचा संकेत या अनुभवातून पक्का झाला.

केंद्रात मुलाने किती राहावे? जमेल तितके कमी. महिने नव्हे, आठवडे. घरचे सापडत नाहीत तोवरचा तो मुक्काम आहे. लांबला की मुलाला आयत्या जेवणाची सवय लागते, गावातल्या गरिबीची धास्ती बसते, आणि बाहेरच्या लोकांच्या मनात ‘मारेकऱ्यांना फुकट खाऊ घालतात’ हा राग साठतो. पहिल्या आठवड्यात शरीराकडे पाहायचे : खरूज, हिवताप, जंत, मांसात रुतलेले छर्रे, लैंगिक आजार. मुलींची तपासणी स्त्रीनेच आणि बंद खोलीत करावी. अमली पदार्थ अचानक थांबल्याने झोप उडते, हात कापतात, क्षुल्लक कारणावरून मारामारी होते. हे दुखणे आहे, खोड नव्हे, हे स्वयंपाकघरातल्या बाईपासून पहारेकऱ्यापर्यंत सर्वांना आधीच सांगून ठेवावे लागते. एका तुकडीतली मुले एकाच खोलीत ठेवली तर जंगलातली उतरंड जशीच्या तशी चालू राहते : धाकटे मोठ्यांचे कपडे धुतात, आपल्या ताटातले काढून देतात. कालपर्यंत ‘कॅप्टन’ असलेले पोर भांडी घासायला नकार देते. त्याला चारचौघांत खाली पाहायला लावले तर ते रात्रीत पळून जाते. त्याच्याकडे मैदानाची किंवा पाणी भरण्याची जबाबदारी दिली, आणि ती सर्वांसाठी आळीपाळीने आहे हे पाळले, तर तेच पोर कामाला लागते.

घरच्यांचा शोध हे या साऱ्या कामातले सर्वांत किचकट आणि सर्वांत मोलाचे अंग. पाचव्या-सहाव्या वर्षी नेलेल्या मुलाला आपले पूर्ण नाव सांगता येत नाही. आईने हाक मारायचे नाव तेवढे आठवते, आणि मधल्या काळात मिळालेल्या टोपणनावाने तेही झाकले जाते. अशा मुलाला ‘तुझा जिल्हा कोणता’ विचारून काही हाती लागत नाही. विचारायचे ते असे : पाणी कुठून आणत होता, नदी घराच्या कोणत्या बाजूला होती, बाजार कोणत्या वारी भरायचा, मशीद होती की चर्च, गावच्या प्रमुखाला काय म्हणत, वडील काय पिकवत, धाकट्या भावंडाला कोणत्या नावाने बोलावत, घरात कोणी आंधळे-पांगळे होते का. मुलाला जमिनीवर काडीने घर आणि रस्ता काढायला सांगितले की बोलून न आलेल्या गोष्टी बाहेर येतात. बोली आणि उच्चार यांवरूनही भाग ओळखू येतो. मग छायाचित्र आणि हे तपशील घेऊन माणसे बाजारात, निर्वासितांच्या छावण्यांत, शेजारच्या देशातही फिरतात. कोणी ‘हे माझे मूल’ म्हणत पुढे आले तरी लगेच स्वाधीन करत नाहीत. तेच प्रश्न त्या माणसाला वेगळे बसवून विचारतात आणि दोन्ही उत्तरे ताडून पाहतात, कारण फुकटचा मजूर मिळेल म्हणून किंवा मदतीच्या आशेने खोटे नातेवाईकही येतात. सिएरा लिओनमध्ये रीतसर मुक्त झालेल्या मुलांपैकी फार मोठा हिस्सा आई, वडील किंवा जवळच्या नातलगांकडे पोचला. त्या युद्धातून निघालेली ही खरोखर अभिमानाची गोष्ट आहे, आणि ती मिळवली स्थानिक कार्यकर्त्यांच्या पायपिटीने.

मूल घरी जाण्याआधी कोणीतरी त्या गावात जाऊन यावे लागते. एकदा जाऊन भागत नाही. प्रमुख, वडीलधारी माणसे, शिक्षक, बाजारात बसणाऱ्या बाया, आणि मुख्य म्हणजे ज्यांच्या घरचे माणूस त्या गटाने मारले ते कुटुंब, या सर्वांशी आधी बोलणे झालेले असावे. मुलाने केले ते जबरदस्तीने केले, हे गावाने मान्य करणे आणि मुलाला क्षमा करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीची घाई करू नये. मुलाला संस्थेच्या पांढऱ्या गाडीतून मिरवत आणू नये, सगळे गाव गोळा होते आणि त्या दिवसापासून त्याची तीच ओळख ठरते. उत्तर युगांडात लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी (एल.आर.ए.) या बंडखोर गटातून परतलेल्यांना २०००च्या माफी कायद्याखाली गादी, ब्लँकेट, कुदळ, बियाणे आणि थोडी रक्कम दिली जाई. देणाऱ्यांचा हेतू चांगला होता. पण शेजारी विस्थापितांच्या छावणीत वर्षानुवर्षे कुजलेले होते, त्यांची मुले पळवली गेली होती, आणि त्यांना काहीच मिळाले नव्हते. अशी मदत मत्सर पेरते. तीच रक्कम गावाच्या विहिरीला किंवा शाळेच्या छपराला गेली असती तर परतलेल्या मुलामागे काहीतरी चांगले आले असे गावाला वाटले असते.

उत्तर युगांडातल्या अचोली समाजात घरी परतणारा माणूस उंबऱ्यावर अंडे पायाने फोडून आत येतो. ‘ओपोबो’ झाडाची बुळबुळीत फांदी आणि कणगीचे दार उचलून धरायची ‘लायीबी’ ही काठी शेजारी ठेवतात. अंडे निष्पाप, ओपोबोने अंग स्वच्छ, आणि लायीबी म्हणजे याच घरच्या कणगीवर तुझा हक्क आहे, असा तो अर्थ. मोझांबिक आणि सिएरा लिओनमध्येही शुद्धीचे असे विधी झाले आणि पुष्कळ मुलांना त्यांनी हायसे वाटले. मात्र परदेशी पाहुण्यांना विधी आवडतात म्हणून एकाच दिवशी शंभर मुलांना ओळीने उभे करून ते उरकले, तर त्यात प्राण राहत नाही. मुलाची किंवा घरच्यांची श्रद्धा वेगळी असेल तर सक्ती करू नये. आणि विधी झाला म्हणून रात्री ओरडत उठणे थांबेलच असे नाही.

यानंतर येते शाळा, आणि आमच्या मते पुनर्वसनाची सर्वाधिक मदार तिच्यावर आहे. युगांडात पळवल्या गेलेल्या आणि न गेलेल्या तरुणांची तुलना करणारा मोठा अभ्यास झाला. पळवले गेल्याने शिक्षणात जवळपास वर्षाची घट, कौशल्याचे काम मिळण्याचे प्रमाण निम्मे, आणि कमाई एक तृतीयांशाने कमी, असे त्यातून दिसले. तीव्र मानसिक त्रास मात्र सरसकट सर्वांत नव्हता. ज्यांनी अतोनात हिंसा पाहिली वा सोसली त्यांच्यात होता, आणि तो कधीही न पळवल्या गेलेल्या मुलांतही होता. म्हणजे ‘एक आख्खी पिढी वेडी झाली’ हे चित्र चुकीचे आहे. पिढी शाळेला मुकली, हे चित्र बरोबर आहे.

पण चौदा वर्षांच्या मुलाला दुसरीच्या बाकावर सात वर्षांच्या पोरांत बसवले तर ते आठवडाभर टिकत नाही. सिएरा लिओनने यावर दोन उपाय केले. एक, सहा वर्षांचे प्राथमिक शिक्षण तीन वर्षांत पुरे करणारे जलद वर्ग, ज्यात युद्धाने शाळा बुडालेले कोणतेही मूल बसू शके. दोन, माजी बालसैनिकाला फी न घेता दाखल करणाऱ्या शाळेला साहित्याचा संच, आणि तो त्या एका मुलासाठी नव्हे, सगळ्या वर्गासाठी. दुसरा उपाय वरकरणी साधा दिसतो, पण ज्या मुलाला ‘बंडखोर’ म्हणून चिडवले जायचे त्याच्यामुळे वर्गाला वह्या आणि चेंडू मिळाले, हे इतर मुलांना आणि पालकांना दिसत होते. शिक्षकांना मात्र वेगळी तयारी लागते. छडी उगारली की हे मूल एक तर गोठते किंवा उलट अंगावर येते. मागून खांद्यावर हात ठेवू नये, दार धाडकन लावू नये, एवढ्या साध्या सूचनांनीही फरक पडतो.

पंधराच्या पुढच्या मुलांना व्यवसाय शिक्षण दिले गेले : सुतारकाम, शिवणकाम, गवंडीकाम, साबण बनवणे. इथे घोडे पेंड खाते ते बाजाराची चौकशी न केल्यामुळे. एका छोट्या गावात एकाच वर्षी दहा शिंपी तयार झाले तर कोणाचेच पोट भरत नाही, आणि मग शिवणयंत्र विकले जाते. सहा महिन्यांचे शिक्षण कारागीर घडवायला अपुरे असते. त्यानंतर जाणत्या कारागिराच्या हाताखाली उमेदवारी हवी. बहुतेक कुटुंबे शेतीवर जगत असताना शेतीला कमी लेखणे हीसुद्धा एक चूक.

मनाच्या उपचारांविषयी दोन टोकाची मते ऐकू येतात. एक म्हणते, प्रत्येकाला समुपदेशन हवे. दुसरे म्हणते, काळच बरे करतो. दोन्ही अपुरी आहेत. सिएरा लिओनमध्ये २००२ पासून ५२९ युद्धग्रस्त मुला-मुलींचा अनेक वर्षे मागोवा घेतला गेला. ज्यांना दुसऱ्याला जखमी करायला वा ठार मारायला लावले गेले, आणि ज्यांच्यावर बलात्कार झाले, त्यांची वाट सर्वांत खडतर निघाली. ज्यांना गावाने आणि घराने सामावून घेतले आणि जे शाळेत टिकले, ते सावरण्याची शक्यता जास्त. म्हणजे सर्वांसाठी घर-शाळा-गाव, आणि थोड्यांसाठी त्याशिवाय खास उपचार, अशी रचना लागते.

तो खास उपचार शहरातल्या मानसोपचारतज्ज्ञाशिवाय होऊ शकतो का? उत्तर युगांडात ८५ माजी बालसैनिकांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्थानिक, प्रशिक्षित पण पदवीधर तज्ज्ञ नसलेल्या समुपदेशकांनी आठ बैठकांत कथनोपचार केला, आणि आघातोत्तर ताणात स्पष्ट घट झाली. मुलांसोबत ही पद्धत वापरताना जमिनीवर एक दोरी पसरतात. ती म्हणजे आयुष्य. चांगल्या प्रसंगाला फूल ठेवायचे, वाईट प्रसंगाला दगड. मग जन्मापासून क्रमाने एकेक प्रसंग सांगायचा. दगडापाशी आल्यावर थांबायचे नाही आणि पळायचेही नाही : काय दिसले, काय ऐकू आले, अंगात काय झाले, आत्ता हे सांगताना काय होते आहे, असे सावकाश विचारत तो प्रसंग संपेपर्यंत बसायचे. समुपदेशक लिहून घेतो, पुढच्या बैठकीत वाचून दाखवतो, मूल चुका दुरुस्त करते. शेवटी ही कहाणी मुलाच्या स्वाधीन केली जाते. बिघडते कुठे? भयाच्या शिखरावर बैठक आटोपती घेतली की त्रास वाढतो. मूल अजून असुरक्षित असेल, म्हणजे कमांडर आसपास असेल किंवा घर ठरलेले नसेल, तर हे सुरूच करू नये. आणि केलेल्या हत्यांविषयी गटात, इतर मुलांसमोर बोलायला लावू नये; बाहेर गेलेला एक शब्द सूड ओढवून आणतो.

मुलींसाठी वेगळा विचार करावाच लागतो, कारण त्या अनेकदा कडेवर बाळ घेऊन परततात. आजी-आजोबा मुलीला घेतात, बाळाला नाही. जिथे जमीन आणि कूळ बापाकडून येते तिथे बापाचे नाव नसलेल्या बाळाला पुढे जमिनीचा तुकडाही मिळत नाही, आणि युगांडात हा प्रश्न आज मोठ्या झालेल्या त्या मुलांपुढे उभा आहे. सिएरा लिओन, लायबेरिया आणि उत्तर युगांडात सहाशेहून अधिक तरुण मातांसोबत एक वेगळी पद्धत वापरली गेली. एका गावातल्या वीस-तीस मातांचा गट करायचा, त्यात सशस्त्र गटांतून परतलेल्या आणि कधीच न गेलेल्या पण हलाखीतल्या, अशा दोन्ही घ्यायच्या, आणि काय करायचे हे त्यांनीच ठरवायचे. कोणी छोटा व्यापार केला, कोणी सामाईक शेती, कोणी बचतीचा फिरता गल्ला. कोण कुठून आले हे बाहेरच्याला कळत नसल्याने बोट दाखवायला जागा उरली नाही. बैठकीच्या वेळी बाळ सांभाळायची सोय नसेल तर मात्र हजेरी घटते. अनेक कार्यक्रम एवढ्या साध्या गोष्टीवर कोसळले आहेत.

शेजारच्या नेपाळचे उदाहरण तर आपल्याला चांगले ठाऊक असायला हवे. १९९६ ते २००६ या माओवादी यादवीनंतर संयुक्त राष्ट्रांनी माओवादी सैन्याची पडताळणी केली, तीत ४,००८ जण सैनिक म्हणून अपात्र ठरले. त्यांतले २,९७३ हे पडताळणीसाठी धरलेल्या तारखेला, म्हणजे २५ मे २००६ रोजी, अठरा वर्षांखालचे होते. त्यांना छावण्यांतून सोडले गेले ते २०१० साली. तीन वर्षांहून अधिक काळ ती मुले तिथेच बसून होती, आणि बाहेर पडली तेव्हा बहुतेकांनी अठरा ओलांडली होती. ‘अयोग्य’ हा शिक्का घेऊन ती गावी गेली. पुढे पात्र ठरलेल्या प्रौढ सैनिकांना स्वेच्छानिवृत्तीचे पाच ते आठ लाख रुपये मिळाले; या मुलांना प्रशिक्षणाचे पर्याय. त्यांची नाराजी आजही शमलेली नाही. नेपाळमधल्याच एका अभ्यासात १४१ माजी बालसैनिकांची तेवढ्याच इतर मुलांशी तुलना केली गेली. सोसलेले प्रसंग हिशेबात धरूनही माजी बालसैनिकांना, विशेषतः मुलींना, मानसिक त्रास जास्त होता. म्हणजे त्रासाचा एक भाग युद्धातून नव्हे, परतल्यावरच्या वागणुकीतून आला. सोवळ्या-ओवळ्याचे नियम कडक असलेल्या घरांत, परक्या पुरुषांबरोबर राहून आलेल्या मुलीला स्वयंपाकघरात शिरू न देणे हा त्या वागणुकीचा नमुना.

कायद्याची बाजू थोडक्यात. पंधरा वर्षांखालच्या मुलांची भरती हा युद्धगुन्हा आहे. त्यासाठी काँगोच्या थॉमस लुबांगा या बंडखोर नेत्याला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०१२ साली दोषी ठरवून १४ वर्षांची शिक्षा दिली. त्या न्यायालयाचा तो पहिलाच निकाल. सिएरा लिओनच्या विशेष न्यायालयाला पंधरा ते अठरा वयाच्या आरोपींवर खटले चालवता आले असते, पण अभियोक्त्यांनी मुलांवर खटले भरणार नाही असे जाहीर केले. तो निर्णय योग्यच होता. डॉमिनिक ओंगवेनचे प्रकरण जास्त अवघड : शाळेच्या वाटेवर लहानपणी पळवला गेलेला हा मुलगा एल.आर.ए.चा सेनाधिकारी झाला आणि २०२१ साली त्याला २५ वर्षांची शिक्षा झाली. शिक्षा ठरवताना न्यायाधीशांनी त्याचे अपहरण जमेस धरले. गुन्हे मात्र माफ केले नाहीत. परतलेल्या मुलाला ‘तुझी काहीच जबाबदारी नव्हती’ असे सांगून त्याचेही समाधान होत नाही. ज्या घराचे नुकसान केले त्या घराच्या शेतात काम करणे, छप्पर शाकारून देणे, अशी भरपाई काही मुले स्वतःहून मागतात. तिला वाट द्यावी.

निधीची गणिते या कामाच्या उलट चालतात. मुक्ततेच्या सोहळ्याला पैसा असतो, पुढच्या दोन वर्षांत तो आटतो, आणि अडचणी तर बहुधा तेव्हाच डोके वर काढतात : लग्नाचे वय, जमिनीची वाटणी, शाळेच्या फीचे तिसरे वर्ष. दक्षिण सुदानच्या पिबोर भागात २०१५ साली १,७५५ मुलांची मुक्तता झाली, तेव्हा त्या देशातले युद्ध थांबलेलेही नव्हते. अशा ठिकाणी गावात दर महिन्याला फेरी मारणारा, मुलाला नावाने ओळखणारा पगारी कार्यकर्ता किमान तीन ते पाच वर्षे हवा. इमारत आणि फलक नसले तरी चालते.

वृत्तपत्रांकडे एक मागणी आहे. माजी बालसैनिकाचे शस्त्रासह छायाचित्र ओळख पटेल असे छापू नये. नाव बदलावे, आणि गाव, कमांडरचे नाव, अंगावरची खूण हे तपशीलही गाळावेत, कारण नाव बदलले तरी या तिघांवरून माणूस सापडतो. मुलाची आणि पालकाची संमती घ्यावीच, पण तेवढ्यावर विसंबू नये. इंटरनेटवर ती बातमी वीस वर्षांनी त्याच्या मुलांना दिसेल हे त्या वयात कळत नाही. किती जणांना मारलेस, असे विचारू नये. दुभाषा कोणत्या गटाचा, कोणत्या गावचा, हे मुलाखतीआधी तपासावे. आणि एखाद्या जिल्ह्यात मुलांच्या मुक्ततेची बातमी छापली, तर दोन वर्षांनी त्याच जिल्ह्याची दुसरी बातमी द्यावी : किती मुले शाळेत टिकली, किती मुलींची मुळात नोंद झाली, किती मुले पुन्हा गटात ओढली गेली, आणि पैसे कोणत्या महिन्यात थांबले.

आपले,
युद्धग्रस्त मुलांच्या प्रश्नांचे अभ्यासक वाचक